घड्याळ काढून ठेवणारा माणूस

एका आजोबांच्या कानामागे बोट फिरवून चष्म्याची नवी काडी कुठे टोचतेय ते बघत होतो, तेव्हा खिशातला फोन थरथरला. ते गेल्यावर बघितलं. माझी गोष्ट आदल्या दिवशी संपली होती आणि शेवटच्या भागाखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘गोष्ट बरी आहे. पण या लेखिकेच्या शेजारी कधी कुणी बसलेलं नसावं.’ बास, एवढंच. शिव्यांची मला सवय आहे. मागे एकदा नायिकेचं लग्न लांबवलं तेव्हा एका बाईंनी माझ्या अख्ख्या खानदानाचं वाटोळं चिंतलं होतं, आणि मी ते चहा पिता पिता वाचलं होतं. पण हे वाक्य वाचलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, मग परत उचलला, मग कशाला उचलला ते आठवेना. लेखिका म्हणजे मी. फोनवरच्या एका ॲपवर रोज एक भाग येतो तसल्या प्रेमकथा मी लिहितो, बाईच्या नावानं, कारण संपादकबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या की प्रेमातलं पुरुषाचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही हो. बाकी दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात असतो. काचा घासतो, फ्रेममध्ये बसवतो, काड्या वाकवतो. दुकानात गोष्टींचं कुणाला माहीत नाही आणि तिकडे दुकानाचं कुणाला माहीत नाही. दोन्हीकडे मी थोडा थोडा आहे.

त्याच दुपारी संपादकबाईंचा फोन आला. त्यांना मी कधी बघितलेलं नाही. आवाजावरून वाटतं की बोलताना त्या सतत काहीतरी सोलत असाव्यात. म्हणाल्या, नवी गोष्ट लवकर सुरू करू, पण या वेळी नायक नवा द्या. नवा म्हणजे कसा विचारलं तर म्हणाल्या, तुमचे तिन्ही नायक एकच आहेत, शर्ट बदलून येतात. हे खरं होतं. माझे नायक उंच असायचे, कुठल्या तरी कंपनीचे मालक असायचे, आणि खिडकीशी फार उभे राहायचे. नायिका आत आली की ते खिडकीतून बाहेर बघत असायचे. पाठमोरे. मला वाटायचं यात काहीतरी खोल आहे. खरं म्हणजे त्यांचा चेहरा समोरून आला की मला पुढचं सुचायचं नाही. आणि माझ्या खोलीत बसायला दुसरी जागा नाही, कॉट आणि खिडकी, लिहून कंटाळलो की मीच तिथं उभा राहतो, समोरच्या इमारतीच्या जिन्यावर लोक चढताना दिसतात, वळणावर नाहीसे होतात, वरच्या मजल्यावर परत दिसतात. त्यांचं घर आलं की दिसायचे थांबतात. मी लिहायला शिकलो तेही असंच, बाहेरून. कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. आधीच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी जुनी मासिकं पडलेली असायची, त्यातल्या प्रेमकथा वाचल्या, आणि मासिकांची शेवटची पानं नेहमी फाटलेली असायची म्हणून शेवट मनात करायला लागलो. तिथून हे सगळं.

तर नायक. मी माणसं बघायला लागलो. आधी बघत नव्हतो असं नाही, माझं कामच ते, पण मी तुकड्यांनी बघतो. नाकाचा दांडा, कानाची उंची, दोन बुबुळांमधलं अंतर. एकाचा डावा कान खाली असतो, त्याला ते आयुष्यभर कळत नाही, मला बघता क्षणी कळतं. आता मी त्यात नायक शोधत होतो. बँकेतला एकजण आला, चांगला होता, पण काच पुसताना बायकोवर खेकसला. एक तरुण आला, खांदे बिंदे सगळं होतं, पण आरशात स्वतःकडे एवढा वेळ बघत बसला की नायिकेला यायला जागाच उरली नाही. आणि मग असं झालं की एका बाईंच्या कानामागे बोट फिरवताना माझ्या एकदम लक्षात आलं की मी दिवसभर माणसांना हात लावतो. कानामागे, कपाळाच्या कडेला, जिथं घरचा माणूसही सहज हात लावत नाही तिथं. आणि ते डोळे मिटतात. बरेचजण मिटतात, आपोआप. मी विचारतो टोचतंय का, ते म्हणतात नाही, आणि जातात. हे इतकी वर्षं चाललंय आणि माझ्या हातात त्यातलं काही उरलेलं नाही. बोटं स्वच्छ.

शेजारी कोण बसलं होतं, हे आठवायला लागलो. आई बसायची, पण पायातला काटा काढायला, आणि निघाला की उठायची. ताई बसायची, ती चिमटे काढायला. ती अजून रविवारी फोन करते आणि फोनवरूनही चिमटेच काढते, म्हणते काय रे, पोरगीबिरगी बघितलीस का, का चष्मेच बघत म्हातारा होणार. बाबांबरोबर मी एकदाच बराच वेळ बसलोय, हॉस्पिटलच्या बाहेर, लांबलचक बाकावर. त्यांना आत बोलावणार होते. ते बसले, मधे पिशवी ठेवली, मी पिशवीच्या पलीकडे बसलो. पिशवीत त्यांचा टॉवेल आणि पाण्याची बाटली, जड काही नाही. मी ती उचलून मांडीवर घेऊ शकलो असतो. तसं मनात आलंही होतं. पण मग त्यांना वाटलं असतं की मला काहीतरी कळलंय, डॉक्टरांनी मला वेगळं काही सांगितलंय. म्हणून नाही उचलली. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, मीही. पुढे ते गेले. आता मला त्यांचा चेहरा आठवायचा म्हटलं की आधी पिशवीच येते.

मग मी चष्म्याच्या दुकानातला नायक करून बघितला. काय हरकत आहे, म्हटलं. दोन भाग लिहून पाठवले. संपादकबाई म्हणाल्या, अहो, वाचणाऱ्या बायका दिवसभर दुकानातच उभ्या असतात, परत गोष्टीत दुकान कशाला. नायकाला काम असावं, पण ते दिसू नये. आणि हा बोलत का नाही काही. मी म्हटलं तो तसाच आहे. त्या म्हणाल्या, मग त्याला राहू द्या तिकडेच. मला हसू आलं आणि हसता हसता जरा लागलं.

आमच्या दुकानात डोळे तपासायला एक मॅडम आहेत. मागे एक अंधारी खोली आहे, एका टोकाला अक्षरांचा पांढरा दिवा, दुसऱ्या टोकाला खुर्ची, भिंतीला लागून एक बाक. त्या तिथंच असतात. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. केसांत पेन खोचतात आणि दिवसभर पेन शोधतात. मी त्यांना अहो-जाहो करतो, त्या मला अरे-तुरे, आणि मनातल्या मनात मी त्यांना ती म्हणतो. मनात कोण बघतंय. ती जेवते त्याच खोलीत, दिवा न लावता, फोनच्या उजेडात, कारण म्हणते दिवसभर दुसऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारून माझे डोळे विटलेत. आणि जेवताना ती माझ्या गोष्टी वाचते. हे मला योगायोगानं कळलं होतं, मागच्या गोष्टीच्या वेळी, फ्रेम द्यायला आत गेलो आणि तिच्या हातात माझं वाक्य उजळलेलं दिसलं.  तेव्हापासून मी रोज बरोबर जेवायच्या सुट्टीत काहीतरी कारण काढून आत जायचो. ती वाचता वाचता शेरे मारायची. हा बघ, परत खिडकीत. याची पाठ दुखत नाही का रे, सारखा ताठ. मी म्हणायचो कोण. ती म्हणायची, आहे एक लाकूड.

मग एके दिवशी, जुनी गोष्ट संपलेली होती, नवी सुरू झाली नव्हती, तिला वाचायला काही नव्हतं, आणि मी धीर करून विचारलं, तुमच्या मते नायक कसा असावा. अगदी सहज, हातातली काच पुसत. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिनं डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, आणि म्हणाली, कसा म्हणजे, बसल्यावर घड्याळ काढून ठेवणारा. मला कळलं नाही. मग ती सांगायला लागली. एकजण होता. तपासणीची यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा माणूस, आधी ती जिथं काम करायची तिथं यायचा. तिला भेटायला आला की खुर्चीत बसताना मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा, जणू आता कुठं जायचंच नाही. विनोद सांगायचा आणि तो संपायच्या आधी स्वतःच हसायचा, म्हणून त्याचा एकही विनोद तिला पूर्ण माहीत नाही. पावाची कड आधी खायचा. गाडी लावताना गुणगुणायचा, गाडी लागली की गाणं बंद. मग त्याची बदली झाली, लांब. म्हणाला तिकडं बस्तान बसलं की फोन करतो. बसलं नसेल अजून, ती म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मला कळलं की हे वाक्य ती रोज म्हणत असणार. बाहेरून मालकांनी हाक मारली, गिऱ्हाईक आलंय, तुम्ही दोघं आत काय घड्याळाची दुकानदारी काढताय का. त्यांचे कान तिखट आहेत.

मी ते सगळं उचललं. घड्याळ, हसणं, पावाची कड, गुणगुणणं. लाज वाटली का, तर वाटली, पण बोटं थांबली नाहीत. सकाळी कामावर जायच्या आधी कॉटवर बसून, बसस्टॉपवर, दुकानाच्या मागच्या मोरीत उभा राहून, फोनवर दोन्ही अंगठ्यांनी, धाडधाड. पहिल्यांदा माझा नायक दारातून समोरून आत आला. बसला. घड्याळ काढून ठेवलं. मला त्याचा चेहरा दिसत होता, कारण ती सांगत असताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तो तिथंच होता. रोज जेवायच्या सुट्टीत मी एकेक गोष्ट विचारायचो, त्याला राग आला की काय करायचा, रस्ता ओलांडताना कुठल्या बाजूला असायचा, आणि ती सांगायची. तिला ऐकणारं कुणी नव्हतं, मला सांगणारं. संपादकबाई खूश. म्हणाल्या, कुठून आणलात हो हा. म्हटलं, असाच सुचला.

आणि मग तो भाग आला. मी मशीनवर काच घासत होतो, पाणी उडत होतं, आणि ती अंधाऱ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, फोन हातात. म्हणाली, हे बघ. यात तो घड्याळ काढून ठेवतो. मी म्हटलं बरेच जण काढत असतील. ती म्हणाली, हसतो पण आधीच. मी म्हटलं असतात अशी माणसं. मला वाटलं आता पकडला गेलो. तिला वाटलंच नाही तसं. माझ्याकडे बघून कुणाला तसं वाटणार. ती म्हणाली, कुठल्या तरी शहरात कुठल्या तरी बाईला अगदी असाच एकजण भेटलाय, विचार कर. मी विचार केला. मला ती बाई दिसली. मीच होतो.

तिथून माझं कामात लक्ष उडालं. एका शिक्षिकाबाईंचा चष्मा करताना मी उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली आणि डावी उजवीकडे. आमच्या धंद्यात ही चूक शिकाऊ करतात, आणि आठवड्यात सुधारतात. मी तेव्हा नायकाला जिन्यावरून उतरवत होतो. बाई डोकं धरून परत आल्या, पायऱ्या हलतात म्हणाल्या, मुलांची तोंडं वाकडी दिसतात. मालक माझ्याकडे वळले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी मॅडम आतून आल्या, चष्मा हातात घेतला, दिव्याकडे धरला. त्यांना एका नजरेत कळलं असणार. म्हणाल्या, माझ्याकडून लिहिताना उलटं झालं, बसा, परत तपासते. मालक त्यांना काही बोलू शकत नाहीत. मी मशीनच्या मागे उभा राहिलो. संध्याकाळी मी आत गेलो आणि म्हटलं, मॅडम, तुम्ही कशाला. ती म्हणाली, अरे सोड. तुझं कुठं तरी लक्ष नाही, दिसतंय ते. प्रेमाबिमात पडलास की काय. मी म्हटलं नाही. ती म्हणाली, पडू नको, काचा उलट्या लागतात.

मग ती बाकावर बसली. मी उभाच. दुकानात कुणी नव्हतं, मालक बाहेर फोनवर कुणाशी तरी भांडत होते. गोष्टीत त्या दिवशी नायक दुसऱ्या शहरात गेला होता. मी त्याला पाठवला होता, कारण माझ्याजवळचं सामान संपलं होतं. तिच्याकडचा माणूस जिथं गेला तिथंच माझाही गेला, पुढचं तिलाच माहीत नव्हतं तर मला कुठून असणार. ती म्हणाली, मी एक ठरवलंय, तू हसशील.

“हा परत आला ना गोष्टीत, तर मी पण थांबते. अजून वर्ष, दोन वर्षं, किती लागतील ती. नाही आला तर त्याचा फोन नंबर काढून टाकते. विषय संपला.”

मी म्हटलं, गोष्टीवरून ठरवायचं?

“मग कशावरून ठरवू? त्याच्यावरून तर काही ठरतच नाहीये.”

ती हे हसत म्हणाली. तिचे दात त्या अक्षरांच्या उजेडात पांढरे दिसले. मी पण हसलो. बाहेर आलो, हात धुतले, परत धुतले. मालक म्हणाले, अरे पाणी फुकट येत नाही. आणि मी रस्त्यानं चालत निघालो, बस सोडून. दिवे लागले होते, लोक सामान घेऊन घरी चालले होते, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटत होतं की कुणाचं तरी काहीतरी माझ्या हातात आहे. ते फार वाईट वाटणं होतं. छातीत गुदगुल्या झाल्यासारखं आणि खाली पडल्यासारखं.

खरं सांगतो, मला तो यायला नको होता. नायकाला मी त्या शहरात ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याला तिकडे एक बायको दिली. वाचून बघितलं, पटेना, घड्याळ काढून ठेवणारा माणूस असं करणार नाही. मग त्याला आळशी केलं, फोन करायचा राहून जातो असा. तेही पटेना. मारायचं ठरवलं. संपादकबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, नायक मरायचा नाही, लोक आत्ता कुठं जीव लावायला लागलेत. कॉटवर बसून मी अंगठे चोळत होतो. समजा नाही आणला, तर ती नंबर काढून टाकेल. मग? मग एक दिवस जेवायच्या सुट्टीत मी आत जाईन आणि म्हणेन, मॅडम, चला, बाहेर चहा घेऊ. ती म्हणेल चल. इथपर्यंत मी पोचायचो. चहाच्या टेबलाशी ती बसायची, मी बसायचो, आणि पुढं मला वाक्य सुचायचं नाही. एवढ्या प्रेमकथा लिहिल्यात आणि माझ्या तोंडात घालायला मला एक वाक्य नाही. मग मला दिसायचं की तिनं ज्याची एवढी वाट बघितली त्याला मी कॉटवर बसून दोन अंगठ्यांनी मारलाय, आणि आता तिच्यासमोर बसून चहा पितोय. कप खाली ठेवावासा वाटायचा. खोलीत कप नव्हताच.

तर तो आला. मी आणला असं म्हणत नाही. मी त्याला थांबवायचं थांबलो. पण येतो कसा, हे तिनं कधी सांगितलेलं नव्हतं, ते घडलेलंच नव्हतं. मला पहिल्यांदाच सगळं माझ्याजवळचं घालावं लागलं. तो जिना चढून वर आला. आत नायिका कुणाशी तरी फोनवर बोलत होती. त्यानं बेल वाजवली नाही, तिचं बोलणं संपेपर्यंत दाराबाहेर थांबला. मग वाजवली. तिनं दार उघडल्यावर म्हणाला, आत येऊ का. कारणं सांगितली नाहीत. म्हणाला, मला फोन करता आला असता, मी केला नाही. नुसतं एवढंच. मग ते बसले, आणि आता मला लिहायचं होतं की दोन माणसं शेजारी बसलीयेत. मी बराच वेळ नुसता अंगठे वर धरून बसलो. तेव्हा मला दुकानातली ती दुपार आठवली, वीज गेली होती ती. मालक बाहेर गेलेले, अंधाऱ्या खोलीतला अक्षरांचा दिवाही गेला, आणि तिनं म्हटलं अरे, चाचपडत कुठे जातोस, बस इथंच. मी बाकावर बसलो. मधे काही नव्हतं. ती तिच्या घरमालकिणीबद्दल काहीतरी सांगत होती, मी हं हं करत होतो, आणि माझ्या दंडाच्या बाजूला, न टेकता, ऊब होती. मला वाटलं श्वास मोठा घेतला तर लागेल. म्हणून मी बारीक श्वास घेतला, वीज येईपर्यंत. दिवा लागल्यावर तिनं बघितलं आणि म्हणाली, तुला काय झालं, घाबरलास का अंधाराला. हो म्हटलं. हे सगळं मी नायकाला देऊन टाकलं. तोही बारीक श्वास घेतो. माझ्याजवळ ते एकच होतं. पाठवून दिलं.

तो भाग दुपारी आला. मी मशीनशी होतो. ती डबा घेऊन आत गेली, दार अर्धं लोटलेलं. फटीतून तिच्या हनुवटीवर पडलेला फोनचा उजेड दिसत होता, तो वर वर सरकताना मला ती कुठल्या वाक्यावर आहे ते कळत होतं. आता जिना. आता दार. मग उजेड एका जागी थांबला, आणि खूप वेळ थांबला. मी जी काच घासत होतो ती घासून घासून एवढी लहान झाली की कुठल्याच फ्रेममध्ये बसली नसती. मग ती बाहेर आली, डबा हातात, धुवायला निघाल्यासारखी.

“आला,” ती म्हणाली.

मी मशीन बंद केलं. म्हटलं, बरं झालं की. आता थांबायचं.

“नाही. काढून टाकला नंबर.”

 ती मोरीपाशी गेली, नळ सोडला, आणि माझ्याकडे पाठ करून सांगायला लागली. पाण्याच्या आवाजात मला अर्धंच ऐकू येत होतं म्हणून मी जवळ गेलो. म्हणाली, वाचताना कळलं रे, हा तो नाहीच. घड्याळ त्याचं, हसणं त्याचं, बाकी हा कुणीतरी दुसराच आहे. तो आला असता तर आल्या आल्या स्वतःचं सांगत बसला असता, रस्ता कसा होता, साहेब कसा होता. दाराबाहेर थांबला असता होय. बेलवरून बोट काढलं नसतं. आणि फोन करता आला असता, केला नाही, असं तो जन्मात म्हणाला नसता, कुणाची तरी चूक काढली असती. म्हणजे मी त्याची वाट बघतच नव्हते. मी आपली बसल्या बसल्या एक माणूस बनवला होता त्याच्यातून. ती डबा पालथा घालून निथळत होती. तिचा आवाज रडल्यासारखा नव्हता. खूप दिवसांनी फर्निचर हलवल्यावर बोलावं तसा होता.

मग ती वळली. हात ओले, पुसायला काही नव्हतं, मी माझा काचा पुसायचा फडका पुढे केला, तिनं तो घेतला. आणि माझ्याकडे सरळ बघून, चेष्टा न करता म्हणाली, “तू सांग. असा कुणी असतो का रे?”

त्या वेळी बाहेर कुणी नव्हतं. मालक जेवायला गेले होते. नळ गळत होता तो तिनं आवळला होता. ती उत्तराची वाट बघत होती, म्हणजे खरोखरच बघत होती, डोळे तपासताना समोरच्याला वेळ देते तसा वेळ देत. माझ्या तोंडात सगळं होतं. वीज गेलेली दुपार होती. त्यानं बारीक श्वास का घेतला ते होतं. मी तोंड उघडलं.

“गोष्टीत असतात,” मी म्हटलं.

तिनं हात पुसले. मग म्हणाली, हं, मलाही तसंच वाटलं. फडका घडी करून मशीनवर ठेवला. म्हणाली, आता बास झालं हे वाचणं, कामाचा माणूस बिघडतो, आणि तिथंच, माझ्यासमोर, अंगठ्यानं दाबून धरून तिनं ते ॲप फोनवरून काढून टाकलं. बाहेरची घंटी वाजली, कुणीतरी दार ढकलून आत आलं, आणि ती केसांतलं पेन शोधत आत गेली.

नवा भाग तर लिहायचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉटवर बसलो आणि नायिकेनं त्याला तेच विचारलं, असा कुणी असतो का, म्हणून. माझ्या नायकानं जरासुद्धा वेळ लावला नाही. म्हणाला, असतो, इथंच, तू हाक मार फक्त. एका दमात लिहिलं, कुठं अडलो नाही, वाचून बघितलं तर सगळं बरोबर होतं. दुपारी तो भाग आला तेव्हा मी दुकानातच होतो. अंधाऱ्या खोलीचं दार उघडं होतं. ती दिवा लावून जेवत होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. आत जायला मला काही कारण नव्हतं.